त्रास न देणारे लेकरू

धारूर तालुक्यातील एका गावातून एका आजींचे पत्र आले आहे. ते त्यांच्या सातवीतल्या नातवाने लिहून दिले आहे. त्यातला आवश्यक भाग असा:

“मुलगा आणि सून दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेले. नात बावीस महिन्यांची आहे. गेल्या साली कोपीवर (तोडीवरच्या झोपडीत) ती सारखी आजारी पडायची, म्हणून या साली माझ्याजवळ ठेवली. जन्मली तेव्हा २ किलो १०० ग्रॅमची होती. सून गेली तसे अंगावरचे दूध तुटले. सकाळी चहात भाकरी खाते, दुपारी वरणाचे पाणी आणि भात, मधे बिस्कीट. अंगणवाडीत वजन ८ किलो १०० ग्रॅम, लांबी ७६ सेंटीमीटर आणि दंडघेर १२.८ भरला. ताई म्हणाल्या, सॅम-मॅममध्ये बसत नाही. लेकरू लई शांत आहे, जिथे बसवावे तिथे बसते, अजिबात त्रास देत नाही. चारच शब्द बोलते. चुलीला पोतेरे केले की ओली माती चाटते. घरात माळ आहे, अंडे चालत नाही. एक जण ६०० रुपयांचा पावडरचा डबा घ्या म्हणतो. आमचे मालक म्हणतात, आपले घरच बारीक अंगाचे. लेकरू डोक्याने मागे राहील का? पाडव्याला आईबाप येईपर्यंत थांबले तर चालेल का? सून पाचव्या महिन्यात आहे.”

नमस्कार मावशी,

तुमच्या नातवाने वजन, लांबी आणि दंडघेर हे तिन्ही आकडे नीट लिहून पाठवले, त्यामुळे माझे काम सोपे झाले. दवाखान्याच्या केसपेपरवरही पुष्कळदा तिन्ही सापडत नाहीत. तरी पत्र वाचताना मी थांबले ती आकड्यांपाशी नव्हे, तर ‘अजिबात त्रास देत नाही’ या चार शब्दांपाशी.

बावीस महिन्यांच्या लेकराने त्रास द्यायला हवा. त्याने पिठाच्या डब्यात हात घालावा, तांब्या कलंडून द्यावा, कोंबडीमागे धावत उंबऱ्याला अडखळावे आणि दिवसातून दहा वेळा तुम्हाला ‘अगं बाई’ म्हणायला लावावे. जिथे बसवले तिथे बसून राहणारे लेकरू स्वभावाने गरीब असेलही. परंतु ज्या शरीराला पुरेसे अन्न मिळत नाही, ते हृदय, श्वास आणि पचन यांचा खर्च कमी करू शकत नाही, म्हणून ते धावण्यात, चढण्यात आणि बडबडण्यात काटकसर करते. वैरण तुटली की वासरू उड्या मारणे सोडते, हे तुम्ही दुष्काळाच्या वर्षी गोठ्यात पाहिले असेल. मी स्वतः ग्रामीण रुग्णालयातल्या पहिल्या वर्षी ‘पोरगी शांत आहे’ असे आईने सांगितले की समाधानाने पुढच्या रुग्णाकडे वळत असे. त्यांतली एक मुलगी सहा महिन्यांनी पुन्हा आली तेव्हा ती तितकीच शांत होती आणि जवळजवळ तितकीच उंच होती. त्यानंतर मी आईला पहिला प्रश्न ‘लेकरू खेळते का?’ असा विचारू लागले.

आता आकडे पाहू. बावीस महिन्यांच्या मुलीचे वजन साधारण ११ किलो आणि लांबी साधारण साडेचौऱ्याऐंशी सेंटीमीटर असते. त्याखाली वजनाची धोक्याची रेघ ८.७ किलोवर आणि लांबीची ७८.४ सेंटीमीटरवर आहे. तुमची नात दोन्ही रेघांच्या खाली आहे. मग ती सॅम-मॅममध्ये, म्हणजे तीव्र आणि मध्यम कुपोषणाच्या यादीत, का बसत नाही? कारण ती यादी वजन लांबीच्या मानाने किती आहे आणि दंड किती भरतो यांवर ठरते. दंडघेर साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली गेला तर तीव्र कुपोषण, साडेअकरा ते साडेबारा या दरम्यान असला तर मध्यम कुपोषण. नातीची लांबीच कमी असल्यामुळे तिच्या लांबीला तिचे वजन शोभते. ताईंनी चुकीचे काही सांगितलेले नाही. ज्या लेकराच्या जिवाला आत्ता धोका आहे ते लेकरू आधी सापडावे, यासाठी ती यादी आहे. पोटातल्या महिन्यांपासून थोडे थोडे कमी पडत गेले आणि त्यामुळे वाढ खुंटली, तर ते दंडाच्या पट्टीवर दिसत नाही. ते उंची मोजण्याच्या फळीवर दिसते आणि लेकराच्या शांतपणात दिसते.

‘आपले घरच बारीक अंगाचे’ हे मालकांचे म्हणणे मी बीडपासून हिंगोलीपर्यंत इतक्या घरांतून ऐकले आहे की, ते खरे असते तर सगळा मराठवाडा एकाच कुळातला ठरला असता. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली वाढीचे जे तक्ते दिले, ते भारत, ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या मुलांना मोजून तयार केले होते. ज्यांना पुरेसे अन्न, अंगावरचे दूध आणि स्वच्छ घर मिळाले अशी ही मुले पाच वर्षांपर्यंत सगळीकडे जवळपास सारखीच वाढली. आपल्याजवळचा दाखलाही आहे. २००५ साली तेव्हाच्या औरंगाबादेतून राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झाले आणि दोन वर्षांखालच्या मुलांकडे विशेष लक्ष देण्यात आले. महाराष्ट्रात या वयाच्या मुलांमध्ये खुंटलेल्या वाढीचे प्रमाण २००५-०६ मध्ये ३९ टक्के होते, ते २०१२ च्या पाहणीत २३ टक्क्यांवर आले. घराण्याचे रक्त सात वर्षांत बदलत नसते. मालकांना हे सांगताना दोष कोणाला देऊ नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातल्या पाच वर्षांखालच्या दर शंभर मुलांपैकी पस्तीस मुलांची उंची वयाच्या मानाने कमी भरली होती.

‘डोक्याने मागे राहील का’ या तुमच्या प्रश्नाला मी थेट उत्तर देते. काहीच केले नाही तर मागे राहण्याचा धोका खरा आहे. आत्ता हात चालवला तर बरेचसे भरून निघू शकते. मेंदूची वाढ पोटात सुरू होते आणि दुसऱ्या वाढदिवसापर्यंत तो मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे ८० टक्के आकाराचा होतो. या काळात पेशींचे एकमेकींशी धागे जुळत असतात आणि त्या धाग्यांवर एक स्निग्ध आवरण चढत असते, ज्यामुळे निरोप वेगाने पोहोचतो. त्या आवरणाला तेल-तूप लागते, लोह लागते, बी-१२ लागते. आयोडीन नसेल तर सगळेच मंदावते. म्हणून पोटातल्या नऊ महिन्यांसह पहिल्या हजार दिवसांना डॉक्टर मंडळी इतके महत्त्व देतात. तुमच्या नातीच्या हजार दिवसांतले दोन महिने अजून उरले आहेत, आणि पुढे दार बंद होत नाही, फक्त जड होते.

मेंदूच्या या नुकसानीची दुसरी बाजू मात्र कमी बोलली जाते. शांत लेकरू उठून वस्तूंपाशी जात नाही, म्हणून त्याला वस्तू कळत नाहीत. ते अंगाने लहान दिसते, म्हणून घरचे त्याला आठ महिन्यांच्या बाळासारखे उचलून ठेवतात. ते प्रश्न विचारत नाही, म्हणून त्याच्याशी कोणी बोलत नाही. अन्न कमी पडल्याने झालेला तोटा असा बोलणे कमी पडल्याने दुप्पट होतो. जमेका देशाच्या किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांमध्ये १९८६-८७ मध्ये वाढ खुंटलेल्या १२९ मुलांवर एक प्रयोग सुरू झाला. त्या वेळी ही मुले नऊ ते चोवीस महिन्यांची, म्हणजे तुमच्या नातीच्याच वयाची होती. काहींना दर आठवड्याला दुधाची भुकटी दिली, काहींच्या घरी आठवड्यातून एकदा तासभर एक आरोग्य सेविका जाऊन आईला खेळायला आणि बोलायला शिकवत असे, काहींना दोन्ही मिळाले आणि काहींना काहीच नाही. दोन वर्षांनी, ज्यांना दोन्ही मिळाले ती मुले बुद्धीच्या चाचण्यांत धडधाकट मुलांच्या जवळ पोहोचली होती. ती मुले बावीस वर्षांची झाली तेव्हा, ज्यांच्याशी लहानपणी खेळले गेले होते त्यांची कमाई इतर खुंटलेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी अधिक होती. नुसत्या दुधाच्या भुकटीचा फायदा एवढ्या लांब टिकला नव्हता. त्या सेविका वापरत त्या खेळण्यांपैकी बरीचशी टाकाऊ वस्तूंपासून केलेली होती, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते.

तेव्हा काम दोन्हीकडून करायचे आहे, आणि सुरुवात ताटापासून करू. तुमच्या नातीचे पोट एका वेळी साधारण एक वाटी अन्न धरते. त्या वाटीत वरणाचे पाणी घातले तर पोट भरते, लेकरू तोंड फिरवते आणि आपल्याला वाटते की ते जेवले. प्रत्यक्षात त्याच्या पोटात बहुतेक पाणीच गेलेले असते. अंगावरचे दूध तुटलेल्या या वयाच्या लेकराला दिवसाला सुमारे १००० कॅलरी अन्नातूनच मिळायला हव्यात, म्हणजे तिला दिवसातून चार-पाच वेळा खायला लागेल आणि प्रत्येक वाटी घट्ट लागेल. अर्धी ज्वारीची भाकरी गरम असतानाच बारीक कुस्करा, तीवर तळाचे घट्ट वरण घाला, एक चमचा शेंगदाण्याचा बारीक कूट आणि एक चमचा तेल किंवा तूप घालून हाताने एकजीव करा. चमचा उलटा केला तर घास चटकन खाली पडू नये, इतके ते दाट असावे. एका लहान चमचाभर तेलात सुमारे ४५ कॅलरी असतात आणि त्याने वाटीतली जागा जवळपास अडत नाही, म्हणून तो चमचा विसरू नका. दाणे अख्खे मात्र कधी देऊ नका, ते श्वासनलिकेत अडकतात. आणि बुरशी धरलेले दाणे कुटात घालू नका. बाकीच्या वेळी ज्वारीच्या कण्या दह्यात कालवून, हुलग्याचे माडगे गूळ घालून, मऊ खिचडी, कुस्करलेले केळे, शेवग्याचा पाला किंवा तांदुळजा घातलेले वरण, असे जे घरात असेल ते द्या. दूध दिवसाला दोन वाट्यांपर्यंत पुरे आहे, शेळीचे असेल तर उकळून. त्याहून जास्त दुधाने भूक मरते. तिचे ताट वेगळे असू द्या, म्हणजे तिने किती खाल्ले ते तुम्हाला दिसेल. अंगणवाडीतून येणारे टीएचआरचे, म्हणजे घरी न्यायच्या आहाराचे, पाकीट तिच्या एकटीच्या वाट्याचे असते. आपल्याकडे ते सगळ्या घरात वाटले जाते, आणि तुमच्याकडेही तसे होत असल्यास ते आजपासून थांबवा.

चहा बंद करा, कोराही आणि दुधाचाही. हे सांगताना मला तुमची अडचण कळते, कारण सकाळी चूल पेटल्यावर हाताशी चहाच असतो आणि लेकराला तो आवडतो. पण चहातली तुरट द्रव्ये भाकरीतले आणि डाळीतले लोह आतड्यात शोषू देत नाहीत, आणि तुमच्या नातीला लोह कमी पडत आहे असे मला जवळजवळ खात्रीने वाटते. ओली माती चाटणे हे त्याचे एक जुने लक्षण आहे; तिला मारू नका किंवा तोंडाला मिरची लावू नका. तिचा तळहात उजेडात तुमच्या नातवाच्या तळहाताशेजारी धरून बघा, तो फिकट दिसेल. आईच्या पोटातून आणलेला लोहाचा साठा सहा महिन्यांत संपतो, आणि कमी वजनाच्या बाळाचा त्याआधीच. मी आधी सांगितलेल्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या दर शंभर मुलांपैकी ६९ मुलांना रक्तक्षय आढळला होता. आशा ताईंकडे लोहाचे सिरप असते, ते आठवड्यातून दोनदा एक-एक मिलिलिटर देतात; परंतु तिचे रक्त कमी निघाले तर औषध रोज आणि वजनाप्रमाणे द्यावे लागते, म्हणून आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासा आणि मात्रा डॉक्टरांकडून घ्या. १० फेब्रुवारीला जंताची गोळी मिळेल. दोन वर्षांखाली ती अर्धी आणि कुस्करून देतात. जेवणात लिंबाचे चार थेंब पिळले तर लोह जास्त लागू पडते. मीठ खड्याचे असेल तर बदला आणि ज्या पुडीवर हसऱ्या सूर्याचे चिन्ह आहे ते आयोडीनयुक्त मीठ आणा.

आता माळेचा प्रश्न. तुमच्या घरच्या नेमाचा मी आदर करते, आणि अंड्यावाचून लेकरू वाढत नाही असे मुळीच नाही. मात्र माळ आजोबांच्या गळ्यात आहे, नातीच्या नाही. शेजारच्या चुलीवर उकडलेले एक अंडे तिने शेजारीच बसून खाल्ले तर तुमचा नेम मोडतो का, हे आजोबांनाच विचारून पाहा, कारण मी पाहिलेल्या अनेक वारकरी आजोबांनी नातवंडाच्या बाबतीत माझ्यापेक्षा लवकर होकार दिला आहे. ते नको म्हणाले तर दही आणि दूध रोज चुकवू नका, कारण बी-१२ वनस्पतींतून मिळत नाही आणि ते फार कमी पडले की लेकरू मंद होते, शिकलेले विसरते, कधी हातपायही थरथरतात. पावडरचा डबा घेऊ नका. तुमच्या गावात अंडे सात रुपयांना मिळत असेल तर ६०० रुपयांत पंच्याऐंशी अंडी येतात. अंडी नको असतील तर तेवढ्या पैशांत डाळ, शेंगदाणे आणि गूळ मिळून तिचे कित्येक आठवडे निघतील.

हा पुढचा मजकूर मी तुमच्या नातवासाठी लिहिते आहे, कारण हे पत्र तोच तुम्हाला वाचून दाखवणार. बाळा, तुझ्या बहिणीला रोज अर्धा तास तुझी गरज आहे. डब्यांची लहानमोठी झाकणे तिच्यासमोर मांड आणि कोणते कशाला बसते ते तिला शोधू दे. ती चुकली तरी लगेच हात घालू नकोस. तांब्या, सूप, चप्पल, शेळी अशा वस्तूंची नावे तिच्याकडे बघून घे आणि ती बोट दाखवेपर्यंत थांब. ती ‘पा’ म्हणाली तर तू ‘पाणी पाहिजे?’ असे पूर्ण म्हण. कोळशाचा तुकडा किंवा खडू देऊन अंगणात तिला रेघोट्या ओढू दे. मावशी, तुम्हाला जात्यावरच्या ओव्या आणि बडबडगीते येत असतील, ती भाकरी थापताना मोठ्याने म्हणा. मोबाइलवरची गाणी याच्या जागी चालत नाहीत, कारण मोबाइल तिच्या उत्तरासाठी थांबत नाही.

पाडव्यापर्यंत मात्र थांबू नका. दोन वर्षांच्या सुमारास लेकरू दोन शब्द जोडून बोलू लागते, आणि तुमची नात चार सुट्या शब्दांवर आहे. कारण कुपोषणाचे असेल, रक्ताचे असेल किंवा कमी ऐकू येण्याचेही असेल, आणि हे घरी बसून कळत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत तपासणीला येते. ताईंना त्याची तारीख विचारा आणि ‘बोलणे कमी आहे’ हे आपणहून सांगा. तेथून बीडच्या जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवता येते आणि कानही तपासता येतात. वजन दर महिन्याला आणि लांबी तीन महिन्यांनी मोजून घ्या. जुलाब लागले तर खाणे बंद करू नका, ओआरएस पाजा आणि झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी पूर्ण चौदा दिवस द्या. जुलाब दोन दिवसांत थांबले तरी गोळ्या चालू ठेवा. टँकरचे पाणी उकळून गार करून द्या. दोन्ही पावले सुजली, दंडघेर साडेअकराच्या खाली आला, लेकराने खाणेच सोडले, झटका आला किंवा चालणारे लेकरू चालेनासे झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

शेवटी सुनेविषयी, जिचा उल्लेख तुम्ही पत्राच्या शेवटच्या ओळीत केला आहे आणि जो मी पहिल्या ओळीत ठेवला असता. नातीचे जन्मवजन २ किलो १०० ग्रॅम भरले, त्याची मुळे बहुधा तिच्या आईच्या त्या नऊ महिन्यांत आहेत, आणि आता पोटात असलेल्या बाळाचे हजार दिवस उसाच्या फडात आधीच सुरू झाले आहेत. पहाटे चारला उठून, डोक्यावर मोळी घेऊन, शेवटी उरलेले खाणाऱ्या बाईच्या पोटातले बाळ कसे वाढणार? उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फिटल्याशिवाय मुकादम सोडणार नाही, हे मला ठाऊक आहे, म्हणून ‘तिला परत बोलवा’ एवढे सांगून मी मोकळी होत नाही. मुलाला फोन करून स्पष्ट सांगा की मोळी वाहणे तिने थांबवावे आणि ओझे त्याने उचलावे, तिने त्याच्याबरोबरच जेवावे, लोहाची गोळी रोज घ्यावी आणि चहाबरोबर घेऊ नये, आणि जेथे फड आहे त्या गावच्या अंगणवाडीत व आरोग्य उपकेंद्रात नाव सांगावे. स्थलांतरित गरोदर बाईला तेथे आहार आणि तपासणी मिळते. तुमच्या ताईंनी पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या मोबाइल ॲपमध्ये तिचे स्थलांतर नोंदवले तर तिकडचे काम सोपे होते. यासाठी तिच्याजवळ माता व बाल संरक्षण कार्ड लागेल. बहुतेक घरांत ते जपून ठेवायचे म्हणून पत्र्याच्या पेटीत राहते आणि बाई तोडीवर जाते. तुमच्याकडेही ते पेटीत असेल तर नातवाकरवी प्रत्येक पानाचा फोटो आजच मुलाच्या मोबाइलवर पाठवा, आणि मूळ कार्ड टोळीकडे निघालेल्या पहिल्या माणसाबरोबर धाडा.